जुना माऊस टाकण्याआधी उघडून बघा

तालुक्याच्या गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासची लॅब मी काही वर्षं सांभाळली. चपला बाहेर काढायच्या, मॉनिटरवर फुलाफुलांची कव्हरं, आणि चौदा माऊस, सगळे गोळीवाले, म्हणजे पोटात फिरणारी रबरी गोळी असलेले. एमएस-सीआयटीची बॅच सुटता सुटता कुणीतरी हमखास म्हणायचं, "सर, हा माऊस गेला." त्यातले खरोखर गेलेले फार थोडे असायचे. बाकीच्यांच्या पोटात नुसता मळ साठलेला असायचा. हे मला कळेपर्यंत चांगले चार-पाच माऊस कचऱ्यात गेले होते, ती चुटपुट अजून आहे.

म्हणून कुणाच्या घरी माळ्यावर, ऑफिसच्या कपाटात किंवा जुन्या मशीनबरोबर माऊस पडलेला असेल, तर तो टाकून देण्याआधी अर्धा तास द्या. सोल्डरिंग (वायरला, स्विचला डाग देणं) वगैरे येत नसलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं.

आधी दुखणं ओळखा

लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, आणि या कॉम्प्युटरला दुसरा माऊस. कित्येकदा दोष पोर्टमध्ये असतो आणि आपण माऊस सोलत बसतो. खाली एक कोरा कागद ठेवून फिरवून बघा. तेवढ्यानं सुधारला तर टेबल बदला, माऊसला हात लावायची गरज नाही.

बाण आडवा नीट जातो पण उभा अडकतो, किंवा उलट, तर आतला एक रोलर मळलाय. ही गोळीच्या माऊसची गोष्ट. लाल दिव्याच्या माऊसचा बाण जागच्या जागी थरथरत असेल तर भिंगापाशी केस किंवा धागा आहे. एकदा दाबलं तरी दोनदा उघडतं, फाइल ओढताना मध्येच सुटते, तर बटणाखालचा स्विच थकलाय. खाली स्क्रोल केलं की पान मध्येच वर उडी मारतं, तर चाकाजवळचा एन्कोडर, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारा भाग, मळलाय. आणि वायर हलवली की माऊस मरतो आणि पुन्हा जिवंत होतो, तर वायर आतून तुटलीय. एवढं कळलं की नेमकं तेवढंच उघडायचं.

सामान

लहान फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, टूथपिक, कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश आणि धुवून धुवून मऊ झालेला सुती कपडा. जुना बनियन उत्तम, नवीन कपड्याचे तंतू सुटतात. शिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं त्या दुकानात 'आयपीए' म्हटलं की छोटी बाटली मिळते. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बाकी ठिकाणी आपला नेहमीचा मोबाईलवाला. ९९ टक्क्यांचं घ्या. ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. आयपीए लवकर पेट घेतं, तेव्हा काम स्वयंपाकघरात गॅसजवळ नको.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोननं प्लॅस्टिक विरघळतं आणि भिंग कायमचं धुरकट होतं. हातावर चोळायचा सॅनिटायझर जेलही नको, मागे चिकटा राहतो.

कॉम्प्युटर बंद करा, माऊसची वायर काढा. बिनतारी असेल तर सेल काढा. वरचा भाग पुसायला आयपीएनं जरासा ओलसर कपडा पुरतो आणि बटणांच्या फटीतून टूथपिक फिरवायची. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही. खरी मजा खालच्या बाजूला आहे.

गोळीचा माऊस

अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतला पहिला माऊस १९६४च्या सुमारास त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी बनवला. तो लाकडी खोका होता आणि त्यात गोळी नव्हतीच. खाली धातूची दोन चाकं, एकमेकांना काटकोनात, थेट टेबलावर घासत चालणारी. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी माऊस जाहीरपणे दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीनं गोळीवर चालणारा माऊस आणला. ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे आपल्या गोळीच्या माऊसमध्ये ती दोन चाकं अजून आहेत. ती रोलर होऊन पोटात गेली, आणि टेबलावर लोळायचं काम गोळीनं घेतलं.

माऊस उलटा करा. गोळीभोवती एक गोल झाकण दिसेल, त्यावर बाण कोरलेले असतात. दोन्ही अंगठे झाकणावर टेकवून बाणाच्या दिशेनं फिरवा. बहुतेकदा घड्याळाच्या उलट दिशेनं. आता तळहात खाली धरून माऊस सुलटा केला की झाकण आणि गोळी हातात येतात. गोळी हातात घेतली की वजन जाणवतं, आत पोलाद आणि वर रबर असतं. हे टेबलापाशी बसून करा. उभ्यानं केलं तर गोळी कपाटाखाली जाते आणि जाताना फरशीवरचा सगळा केर गोळा करते.

आता उजेडात आत बघा. दोन लांब रोलर काटकोनात, आणि तिसरा छोटा, स्प्रिंगवर बसलेला. तिसऱ्याचं काम फक्त गोळीला बाकीच्या दोघांकडे रेटायचं. लांब रोलरच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. तिच्या एका बाजूला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर. चकती फिरली की उजेड अडतो आणि सुटतो, तेच मोजून बाण हलतो. रोलर घसरला की चकती थांबते, आणि आपण माऊस कितीही पुढे ढकलला तरी बाण तिथेच बसून राहतो.

रोलर घसरतो तो मळामुळे. रोलरच्या बरोबर मध्यावर, जिथं गोळी टेकते तिथं, करड्या रंगाचं कडं दिसेल. पॅडचे तंतू, धूळ आणि हाताचं तेल दाबून दाबून त्याचा नमदा झालेला असतो. नखानं दाबलं तर किंचित मऊ लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रोलरचाच भाग वाटतं. मलाही वाटलं होतं. रबराची अंगठी मुद्दाम बसवलीय समजून मी ती महिनोन्‌महिने तशीच राखली!

ते काढायची युक्ती अशी. माऊस थोडा तिरका, तोंड खालच्या बाजूला करून धरा, म्हणजे निघालेला मळ आत पडणार नाही. टूथपिकच्या टोकानं कडं एका जागी आडवं तोडा. मग त्या तुटलेल्या जागी टूथपिक टेकवून ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं रोलर सावकाश फिरवा. साधलं तर सगळं कडं एकाच पट्टीत सुटून येतं. ते समाधान सोललेल्या संत्र्याचं साल अखंड निघाल्यासारखं असतं. पट्टी तुटली तर तुकडे चिमट्यानं वेचा. तिन्ही रोलरचं तसंच करा. छोट्या रोलरकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मग गोळी नीट रेटलीच जात नाही.

ब्लेड किंवा कात्रीचं टोक वापरू नका. रोलरवर चरे पडतात आणि पुढचा मळ त्याच चऱ्यांत घट्ट बसतो. वरचं कडं निघाल्यावर कापसाची काडी आयपीएमध्ये बुडवून निथळवा, आणि रोलर फिरवत तीनदा-चारदा पुसा. काडी काळी यायची थांबली की झालं. आत आयपीए ओतायचं नाही.

गोळीला मात्र आयपीए नको. वारंवार लावलं तर रबर कोरडं पडून कडक होतं आणि गोळी पॅडवरून फरफटायला लागते. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात चोळून धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा, पुसा, आणि अर्धा तास ताटलीत राहू द्या. ओली गोळी घातली की पुढचं कडं आठवड्यात तयार होतं. झाकण बसवल्यावर उलट दिशेनं फिरवून टक असा आवाज येईपर्यंत बसवा.

आमच्या लॅबमध्ये पोरं गोळ्या पळवायची. गोट्या म्हणून त्या फार चांगल्या. त्यावर उपाय म्हणून मी झाकणांवर चिकटपट्टी मारली. दोन महिन्यांत पट्टीचा गोंद कडेनं बाहेर आला, त्याला धूळ चिकटली, आणि गोळ्या शाबूत असूनही निम्मे माऊस अडकायला लागले. पुढं मी प्रत्येक सत्राच्या शेवटी चौदा माऊस उलटे करून मोजायला लागलो. त्याच वेळी रोलरवर एक नजर फिरायची, त्यामुळे सफाईही आपोआप होत गेली. रोज वापर असेल तर महिन्यातून एकदा गोळी काढा. कापडी पॅड असेल तर पॅडही धुवा. मळ येतो तो तिथूनच.

लाल दिव्याचा माऊस

१९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर आला आणि हळूहळू गोळी गेली. या प्रकारात दिव्याच्या उजेडात खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त बारीक फोटो निघतात, आणि लागोपाठच्या फोटोंतला फरक बघून आतली चिप हालचाल ओळखते. म्हणून याला गुळगुळीत काच चालत नाही. फोटोत काही दिसतच नाही.

इथं साफ करायचं म्हणजे तळाचं छिद्र. माऊसची वायर काढलेली आहे ना, बघा, आणि तिरक्या उजेडात आत डोकावा. केस असेल तर चिमट्यानं काढा. मग कोरड्या काडीनं भिंगावरून एकदा हलकेच फिरवा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. तेवढंच.

तळाला चिकटवलेल्या टेफ्लॉनच्या पट्ट्या असतात, ज्यावर माऊस घसरतो. त्यांच्या कडेला जमलेलं काळं कीट टूथपिकनं खरवडून काढलं की जड झालेला माऊस एकदम हलका वाटतो. हा बदल इतका जाणवतो की लोक विचारतात, नवीन घेतला का.

उघडायचा कसा

चाक किंवा बटण दुखत असेल तरच उघडा. तळाला स्क्रू दिसतो का बघा. दिसला नाही तर तो स्टिकरखाली किंवा टेफ्लॉनच्या पट्टीखाली दडलेला असतो. स्टिकरवरून बोट दाबत गेलात तर स्क्रूच्या जागी खळगा लागतो. पट्टी केस वाळवायच्या ड्रायरनं जराशी कोमट करा आणि पातळ कटरनं एका कोपऱ्यातून उचला. निघालेली पट्टी गोंदाची बाजू वर करून डब्याच्या प्लॅस्टिक झाकणावर ठेवा. कपड्यावर ठेवली तर गोंदाला तंतू लागतात आणि ती पुन्हा चिकटत नाही.

स्क्रू वाटीत टाका. वरचं कव्हर सहसा मागून उचलून थोडं सरकवलं की पुढच्या खाचांतून सुटतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, एखादा स्क्रू राहिलाय. काही माऊसमध्ये वरच्या कव्हरपासून खाली पातळ पट्टीसारखी केबल आलेली असते, म्हणून झटक्यानं ओढू नका. उघडल्या उघडल्या मोबाईलवर फोटो काढा. कोणता स्प्रिंग कुठं होता हे दहा मिनिटांनी आठवत नाही, स्वानुभव.

आत काय काय सापडतं! फरसाणाचा चुरा, केस, मेलेली मुंगी, आणि चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेल्या धाग्यांचा झुपका. कोरड्या टूथब्रशनं झटका. चाक वर उचललं की सहसा सुटतं. ते साबणाच्या पाण्यानं धुता येतं, पूर्ण वाळवून मगच बसवा.

चाकाच्या एका बाजूला जाळीसारख्या खाचा असतील आणि एकीकडे छोटा दिवा, दुसरीकडे सेन्सर, तर ते उजेडावर चालतं. तिथं ब्रश मारला की काम झालं. पण आसाचं षटकोनी टोक एखाद्या छोट्या चौकोनी भागात घुसत असेल, तर तो यांत्रिक एन्कोडर. आतले पत्र्याचे संपर्क मळले की पान वर-खाली उड्या मारतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे संपर्क साफ करायच्या स्प्रेचा) अगदी बारीक फवारा त्याच्या फटीत मारायचा आणि चाक दोन्ही दिशांनी पन्नासेक वेळा फिरवायचं. बिजागऱ्यांना मारतो तो स्प्रे किंवा शिवणयंत्राचं तेल इथं नको. तेल राहतं, त्यावर धूळ बसते, आणि त्याचीच पेस्ट होते.

एका क्लिकच्या दोन

जुन्या माऊसचं सगळ्यात छळणारं दुखणं हे. फोल्डर निवडायला जावं तर उघडतो, फाइल ओढता ओढता भलत्याच ठिकाणी पडते. बटणाखाली एक छोटा काळा स्विच असतो. त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची वाकवलेली पातळ पट्टी असते. दाबलं की ती संपर्कावर टक्कन आपटते. आपटताना ती थोडी उसळतेच, नवीन असतानाही. ते उसळणं किती दुर्लक्षित करायचं हे माऊसच्या चिपला सांगितलेलं असतं. वर्षानुवर्षांनी पट्टी सैल पडते, संपर्कावर गंज आणि काजळी बसते, उसळणं लांबतं आणि चिपला वाटतं की दोन क्लिक झाल्या.

लोक आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग बदलतात. त्यानं काही होत नाही. तिथला नेहमीचा अवधी अर्ध्या सेकंदाचा असतो आणि अगदी कमी केला तरी सेकंदाच्या पाचव्या भागाखाली येत नाही. पट्टीची उसळी त्याच्या कितीतरी आत होऊन गेलेली असते. त्या सेटिंगचा उपयोग वेगळाच, म्हाताऱ्या माणसांना झटपट दोनदा दाबता येत नाही त्यांच्यासाठी. तात्पुरता तोडगा हवाच असेल तर माऊसच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करा. सवय लागेपर्यंत चिडचिड होते, पण काम अडत नाही.

नवख्यानं करण्यासारखा उपाय म्हणजे स्विचच्या वरच्या छोट्या दट्ट्याशेजारी आयपीएचा किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब सोडायचा, आणि स्विच थेट बोटानं शंभर वेळा दाबायचा. वाळू द्या, मग लावून बघा. कधी महिना जातो, कधी चार दिवस. स्विचचं झाकण उघडून पट्टीला पुन्हा बाक देता येतो, पण दट्ट्या ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असतो आणि उडाला की सापडत नाही. पहिल्याच माऊसवर हे करू नका.

खात्रीचा उपाय सोल्डरिंगचा. उजव्या बटणाचा स्विच बहुतेक माऊसमध्ये डाव्यासारखाच असतो आणि तो फारच कमी दाबला गेलेला असतो. दोन्ही काढून जागा बदलल्या की खर्च शून्य. आपल्याकडे सोल्डरिंग आयर्न नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे बोर्ड घेऊन जा आणि "हे दोन स्विच उलटसुलट लावून द्या" एवढंच सांगा. एका स्विचला तीनच पाय असतात, छोटं काम आहे. नवीन घ्यायचे तर ओम्रॉनचे स्विच सुटे मिळतात, मात्र जुना स्विच नमुन्याला सोबत न्या, उंचीत फरक असतो.

वायर, पिना आणि बाकीचं

वायर बहुतेक वेळा माऊसच्या मानेपाशीच तुटते, जिथं ती रोज वाकते. बाण बघत मानेपाशी वायर हळूहळू वाकवा, कळेल. तुटकी जागा कापून उरलेली वायर पुन्हा जोडता येते. यूएसबीत लाल पाच व्होल्ट, काळी अर्थिंगची, हिरवी आणि पांढरी डेटाच्या, असा संकेत आहे, पण स्वस्त माऊसवाले तो पाळतीलच असं नाही. कापण्याआधी बोर्डवर कोणता रंग कुठं आहे ते लिहून ठेवा. आणि माऊस ठेवताना वायर त्याच्याभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा.

गोल हिरव्या पिनेचा माऊस म्हणजे पीएस/२. जांभळी पिन कीबोर्डची. ही पिन कॉम्प्युटर बंद असतानाच लावायची आणि काढायची. चालू असताना लावली तर माऊस दिसत नाही आणि कधी पोर्टही जातं. आतली एखादी पिन वाकली असेल तर चिमट्यानं अगदी सावकाश सरळ करा, दोनदा वाकवलेली पिन तिसऱ्यांदा तुटते. बाजारात मिळणारं छोटं हिरवं कनेक्टर लावून तो यूएसबीला चालेल असं समजू नका. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माऊसलाच ते चालतं. अगदी जुन्या माऊसला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

सेलवर चालणारा माऊस कपाटात ठेवताना सेल काढा. अल्कलाइन सेल गळून पांढरी बुरशी आली असेल तर हातमोजे घालून काडीवर दोन थेंब लिंबाचा रस घ्या, पत्र्यावर चोळा, मग आयपीएनं पुसा.

कडेचं रबर चिकट होणं ही दमट हवेची देणगी, कोकणात तर विचारू नका. पावडर लावून भागत नाही, लगदा होतो. आयपीएनं भिजवलेल्या कपड्यानं चोळत राहा, अर्ध्या-पाऊण तासात तो थर पूर्ण निघून खालचं कडक प्लॅस्टिक लागतं. दिसायला साधं, पण हाताला चिकटत नाही. पांढऱ्याचा पिवळा पडलेला माऊस मात्र मी तसाच ठेवतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवणारे लोक आहेत, पण डाग पडले तर आधीचा पिवळाच बरा म्हणायची वेळ येते.

बंद करताना

आधी चाक, मग त्याचा स्प्रिंग, मग कव्हर पुढच्या खाचेत अडकवून मागून दाबायचं. स्क्रू घालण्याआधीच दोन्ही बटणं दाबून बघा. टकटक आवाज आला नाही तर बोर्ड किंवा चाक नीट बसलेलं नाही, पुन्हा उघडा. मग कॉम्प्युटरला लावून बाण आडवा, उभा आणि गोल फिरवा, लांबलचक पान वर-खाली करा, एखादी फाइल पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. सगळं जमलं की स्क्रू आवळा, पण प्लॅस्टिकचा आटा आहे, फार पिळू नका.

एवढं करूनही नाहीच चालला तर त्याचे स्विच, स्क्रू आणि धड असलेली वायर काढून एका डब्यात ठेवा, पुढच्या माऊसला लागतात. सांगाडा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्या डब्यात सध्या अकरा गोळ्या आहेत. बारावी भाच्यानं नेली, गोट्या खेळायला.